वर्षभर पुरेल

"मोठीच घ्या, काका. वर्षभर पुरेल," काउंटरवरची मुलगी म्हणाली, आणि त्यानं हातातली बरणी खाली ठेवली. तोपर्यंत त्याचं भांडण फक्त किमतीशी होतं. बरणीच्या बुडाशी चिकटवलेला आकडा पाहून त्याचे डोळे पांढरे झाले होते, आणि हा भाव बरणीचा की तुमच्या दुकानाच्या भाड्याचा, असं तो विचारणारही होता. कुठंही गिऱ्हाईक म्हणून गेला की आधी थोडी थट्टा करायची आणि मग भाव पाडायचा, ही त्याची जुनी खोड. पण 'वर्षभर' हा शब्द तिनं इतका सहज टाकला की थट्टा ओठांवरच वाळून गेली. अंगाला लावायचं मलम ते. कोरड्या कातडीसाठी. एक लहान बरणी, एक मोठी, काचेच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या. मोठीत माल दुपटीहून जास्त आणि किंमत मात्र दुपटीहून बरीच कमी, म्हणजे व्यवहार कळणाऱ्या कुणीही डोळे मिटून मोठी उचलली असती. तो व्यवहार कळणारा होता. तरी उभाच राहिला. मागून एक बाई ट्रॉली ढकलत आली, "जरा सरकता का?" म्हणाली, तो सरकला आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहिला.

"हात द्या, लावून दाखवते," मुलगी म्हणाली. नको म्हणेपर्यंत तिनं त्याचा उजवा हात घेतलाही होता. हाताची त्याला लाज वाटली. नखांच्या कडेनं तपकिरी रंग कायमचा बसलेला, अंगठ्याला सुरीचे जुने वण, तळवा तर खेटराच्या तळासारखा. मुलीला त्याचं काही नव्हतं. दिवसभरात असे कितीतरी हात तिच्या हाताखालून जात असतील. तिनं मनगटाच्या वर वाटाण्याएवढं मलम ठेवलं आणि एका बोटानं पसरलं. आधी गार लागलं, मग गार लागलं नाही, मग तिथं काही लावलंय हेच कळेना. "बघा, लगेच मुरतं. चिकट नाही, वास नाही." त्यानं हात नाकाशी नेला. खरंच वास नव्हता. ज्याला वासच नाही अशी वस्तू त्याच्या सगळ्या आयुष्यात फारशी आली नव्हती, त्यामुळे त्याला ते जरा खोटं वाटलं. त्यानं अंगठा फिरवून पाहिलं. पाणी भरपूर, एखादं हलकं तेल, थोडं मेण, आणि ते सगळं एकत्र धरून ठेवणारं काहीतरी. बाकी किंमत बरणीची, झाकणाची आणि या मुलीच्या गणवेशाची. हे तर मी घरी करीन, असं त्याच्या मनात आलं, आणि आलं तसं तो चपापला. कारण घरी त्याचं करून झालं होतं. म्हणून तर तो इथं उभा होता.

चामड्याच्या वस्तू दुरुस्त करायचं त्याचं दुकान. बॅगा, खुर्च्या, गाड्यांच्या गाद्या, एखाद्याच्या आजोबांची कागदपत्रांची पेटी, एखादीच्या हौसेची पर्स. नवं काही तो विकत नसे. लोकांचं जुनं होतं तेवढं नीट करून परत द्यायचा. ज्यांच्या हाताखाली शिकला ते वस्ताद फार बोलत नसत, पण एक रीत त्यांनी त्याच्या अंगात मुरवली होती. वस्तू समोर आली की आधी डोळे मिटायचे आणि बोटांची मागची बाजू तिच्यावरून फिरवायची, तळवा नव्हे, कारण तळव्याला घट्टे पडतात आणि त्याला काही सांगता येत नाही. कुठं सुकलंय, कुठं आतून फाटत आलंय, कुठं वरून तकाकी आहे पण जीव गेलाय, हे बोटांच्या पाठीला कळतं. मग डोळे उघडून गिऱ्हाइकाला सांगायचं, ही अजून किती वर्षं काढेल. "किंमत मागाहून सांगायची, आयुष्य आधी," वस्ताद म्हणायचे, "आणि खोटं आयुष्य सांगायचं नाही. माणूस पैसे विसरतो, हे विसरत नाही." तो कधी खोटं बोलला नाही. एकदा एक बाई नवऱ्याची आरामखुर्ची घेऊन आल्या होत्या, नवरा नुकताच गेलेला. खुर्चीच्या हातांवर नुसती बोटं फिरवली तरी चामड्याचा भुगा पडत होता. ही नाही हो काढणार फार, असं त्यानं सरळ सांगितलं. बाई दुकानातच रडायला लागल्या. बायकोला रात्री जेवताना हे सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, जरा वाढवून सांगितलं असतं तर तुमचं काय जात होतं?" तो म्हणाला, "माझी जीभ वळत नाही." त्याला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. आता काउंटरपाशी उभा राहून तो त्या अभिमानाकडे पाहत होता आणि त्याला तो आवडत नव्हता.

बायको शाळेत गणित शिकवायची. अजूनही शिकवत होती, आठवड्यातून मोजक्या तासांना का होईना, बाह्या मनगटापर्यंत ओढून. गेल्या वर्षी तिच्या अंगात गाठ सापडली, ती काढली, मग औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या. केस गेले त्याचं तिनं फार केलं नाही. "गणिताच्या बाईंना केसांचं काय करायचंय," म्हणाली आणि डोक्याला रुमाल बांधून शाळेत गेली. तिला छळलं ते कातडीनं. अंगातलं सगळं पाणी कुणी काढून घेतल्यासारखी ती सुकत गेली. आधी पोटऱ्या, मग हात, मग पाठ. सकाळी चादर झटकली की बारीक पांढरी पूड उडायची, आणि ती घाईघाईनं चादर गोळा करून बादलीत कोंबायची, जसं काही तिच्या हातून काही सांडलंय. खाज सुटली की दाराच्या चौकटीला पाठ घासायची, आणि तो आला की थांबायची. दवाखान्यातल्या नर्सनं एकदा या मलमाची बोटाएवढी नमुन्याची नळी दिली होती. ती तिनं पुरवून पुरवून वापरली. संपली तेव्हा कात्रीनं नळी उभी चिरली आणि आतून बोट फिरवून जे निघालं ते कोपरांना लावलं. हे त्यानं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. ज्या बाईनं लग्न झाल्यापासून स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं, ती नळी चिरून बोट फिरवत होती. "आणू की आपण अजून," तो म्हणाला. मग दुकानात जाऊन किंमत पाहून आला आणि घरी येऊन म्हणाला, "बघू." औषधांनी आधीच घर पोखरलं होतं हे तिलाही दिसत होतं. पण 'बघू'च्या मागे फक्त तेवढंच नव्हतं, आणि हे त्याचं त्याला ठाऊक होतं. गाठ काढल्यापासून त्यानं तिचं अंग पाहिलं नव्हतं. ती कपडे बदलायला लागली की त्याला काहीतरी काम आठवायचं. मलम आणलं तर पाठीला तिचा हात पोचणार नाही, आणि मग ती आपल्याला सांगेल, हे त्यानं किंमत पाहण्याच्या आधीच ताडलं होतं. किंमत त्याला सोयीची पडली.

तरी तिचं दाराच्या चौकटीशी घासणं बघवेना, तेव्हा त्यानं आपल्या अकलेप्रमाणे तोड काढली. दुकानात जुन्या चामड्याला लावायचा लेप तो स्वतः बनवायचा. मधमाश्यांचं मेण, लोकरीतून निघणारी चरबी, बदामाचं तेल, मंद आचेवर एकत्र विरघळवलेलं. त्यात वाईट काही नव्हतंच. त्याचे स्वतःचे हात वर्षानुवर्षं त्यात बुडलेले, काही झालं नव्हतं. त्यानं ताजी खेप केली, रंग टाकला नाही, स्वच्छ डबीत भरली आणि घरी नेली. मनातून खूश होता. तिला सांगितलं, "ते दुकानातलं आणि हे एकच आहे बघ. नावाचे पैसे घेतात ते लोक." ती डबीकडे पाहून हसली. त्या दिवशी संध्याकाळी पलंगाच्या कडेवर ती त्याच्याकडे पाठ करून बसली, पदर सोडून ब्लाउज काढला, आणि एवढ्या महिन्यांनी त्यानं तिची पाठ पाहिली. वाटलं होतं तितकं भयंकर काही नव्हतं. सुकलेली, भेगाळलेली, ठिकठिकाणी खाजवल्याचे लाल ओरखडे, पण तिचीच पाठ, डाव्या खांद्याखाली तीळ असलेली. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. हात ओळखीच्या कामाला लागले. डबीतलं चिमूटभर घेऊन तळहातावर ऊन करायचं, बारीक गोल गोल फिरवायचं, कडेकडेनं आत यायचं, जिथं जास्त ओढतंय तिथं पुन्हा द्यायचं. लेप मुरत होता. रंग परत येत होता. त्यानं हे हजारदा केलं होतं आणि हजारदा त्याला यात सुख वाटलं होतं, आणि त्या सुखात त्याला समोर काय आहे याचा विसर पडला. त्याचे डोळे मिटले. बोटांची पाठ मणक्यावरून खाली गेली, आणि दुकानात जे तोंडातून आपोआप निघतं तेच तोंडातून निघालं. "काढेल," तो म्हणाला, "अजून काढेल."

पाठ त्याच्या बोटांखाली स्थिर झाली. मग बायको वळून न पाहता म्हणाली, "किती?"

त्यानं जीभ चावली, पण चावून काय उपयोग. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर विचारावं तसं तिनं विचारलं होतं, आणि तिला उत्तर नेहमी आकड्यात लागायचं. या माणसाचा हात खोटं सांगत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? डॉक्टर गुळमुळीत बोलायचे, पुढच्या तपासणीनंतर कळेल म्हणायचे, बहीण फोनवर सगळं छान होणार म्हणायची. एकटा हा होता जो बाईच्या तोंडावर तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या खुर्चीचं आयुष्य सांगायचा. म्हणून तिनं त्याला विचारलं. आणि त्याच्या तोंडातून आवाज फुटला नाही. खरं म्हणजे त्याच्या हाताला काहीच कळलं नव्हतं. माणसाच्या पाठीवरून माणसाचं आयुष्य कळत नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तेवढं म्हणायलाही त्याला सुचलं नाही, आणि जितका वेळ तो गप्प राहिला तितकं ते गप्प राहणंच उत्तर होत गेलं. तिनं पदर ओढून घेतला. उठली. पदर नाकाशी नेऊन वास घेतला. "दुकानाचा वास येतोय मला," म्हणाली, "बॅगेसारखा." आणि आंघोळीला गेली. त्या दिवसापासून न्हाणीघराला आतून कडी लागायला लागली. कपडे ती तिथंच बदलायची. जेवायला वाढायची, शाळेतल्या गमती सांगायची, त्याच्या शर्टाचं बटण तुटलं तर लावून द्यायची. फक्त कडी लावायची. इतक्या वर्षांत त्या घरात आतली कडी कधी लागली नव्हती, ती गंजलेली होती. लावताना आणि काढताना करकरायची, आणि तो बाहेर वर्तमानपत्र धरून बसलेला असला तरी ती त्याला हाडात ऐकू यायची.

"काका, देऊ का?" मुलीनं विचारलं. तिला घाई नव्हती, पण त्याच्या मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. तो म्हणाला, "लहान किती दिवस पुरते?" "रोज सगळ्या अंगाला लावलं तर चारेक महिने. पण लहान परवडत नाही, काका, खरंच सांगते." ती खरंच सांगत होती. आणि त्याच्या डोक्यात नको तो हिशेब सुरू झाला. मोठी घेतली आणि ती अर्धीच वापरून झाली तर? उरलेली बरणी घरात कुठं ठेवायची? फळीवर? ती फेकून द्यायची का कुणाला द्यायची? पैसे वाया जाण्याचा विचार आपल्या डोक्यात आलाच कसा, म्हणून त्याला स्वतःची किळस आली, आणि ती आली तरी हिशेब थांबेना. काम मिळालेल्या हातासारखं डोकं आपलं चालूच राहिलं. मग लहान घ्यावी. लहान घेऊन घरी गेलो तर ती काय बघेल? ती गणिताची बाई. बरणीकडे एकदा बघेल आणि तिला तिचा आकडा मिळेल. इतके दिवस जे तोंडातून निघालं नाही ते आपण कागदी पिशवीत घालून तिच्या हातात देऊ. आणि मोठी नेली तर ते खोटं आयुष्य सांगणं झालं. वस्ताद कुठं असतील तिथं मान हलवतील. काहीच नेलं नाही तर कडी. तो त्या दोन बरण्यांकडे पाहत राहिला. मलमाचा प्रश्नच उरला नव्हता. ते महाग होतं, आणि चांगलं होतं, आणि जेवढं चांगलं होतं त्याहून बरंच जास्त महाग होतं, एवढं त्याला मघाशी अंगठ्यानं सांगितलं होतं. दुकानात अंगावर पडणारा तो गार वारा, मागे कुठंतरी वाजणारं गाणं, खोके उघडल्याचे आवाज, हे सगळं चालू होतं, आणि त्याच्या मनात आलं की आपण घाबरलोय. इतकं साधं होतं ते. किंमत नाही, हिशेब नाही, वस्ताद नाहीत. ती जाईल, याची त्याला भीती वाटत होती, आणि ही भीती तिला दिसू नये म्हणून तो इतके महिने हातात काही ना काही काम धरून बसला होता.

"मोठी द्या," तो म्हणाला. पैसे देताना भाव पाडायचं त्याला सुचलंही नाही.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बरणी मांडीवर घेऊन तो बसला. शेजारच्या माणसानं पिशवीवरचं दुकानाचं नाव वाचलं आणि कौतुकानं त्याच्याकडे पाहिलं, वाढदिवस वगैरे असेल घरात असं काहीसं. बस सिग्नलला थांबायची, निघायची. घरी गेल्यावर काय बोलायचं याची जुळवाजुळव तो करत होता. स्वस्तात मिळाली म्हणावं. लहान संपली होती म्हणावं. दुकानातल्या मुलीनं गळ्यात मारली म्हणावं. यातलं प्रत्येक वाक्य त्यानं मनात एकेकदा बोलून पाहिलं आणि प्रत्येक वेळी पुढे तिचा चेहरा आला, फळ्यावरचं चुकलेलं गणित पाहताना होतो तसा, दयाळू. उतरायची वेळ आली तेव्हा त्याच्याजवळ एकही वाक्य उरलं नव्हतं.

ती जेवणाच्या टेबलाशी वह्या तपासत बसली होती. त्यानं पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिनं लाल पेन बाजूला ठेवलं, बरणी बाहेर काढली, फिरवून पाहिली. किंमत पाहिली असणार.

"एवढी मोठी?"

"वर्षभर पुरते म्हणाली ती मुलगी."

"ती म्हणाली," बायको म्हणाली. मग चष्मा काढून तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय म्हणता?"

त्यानं खुर्ची ओढली पण बसला नाही. "मला कळत नाही गं," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशीही कळलं नव्हतं. सवयीनं तोंडातून गेलं माझ्या. मला फक्त कातडं कळतं."

तिनं बरणीचं झाकण उघडून आतला पातळ कागद सोलला, आणि तो कुठं टाकावा हे न सुचल्यासारखी हातात घेऊन बसली. मग बरणी उचलली आणि न्हाणीघरात गेली. कडी करकरली. तो टेबलाशी उभा राहिला. समोर कुणा मुलाची वही उघडी होती, निम्मं पान तपासलेलं, निम्मं राहिलेलं. त्यातलं एक अक्षरही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. आतून नळाचा आवाज आला, बंद झाला. मग काहीच आवाज येईना. तिला बरं वाटत नसेल का, हाक मारावी का, असं त्याच्या मनात येतंय तोवर कडी निघाली. ती दारात उभी होती, साडी नुसती अंगाभोवती धरलेली, हात आणि गळा ओलसर चमकणारे.

"पाठ राहिली," ती म्हणाली.

ती पलंगाच्या कडेवर बसली. तो मागे बसला. बरणीत बोट घातलं तर सवयीनं चिमूटभरच आलं. त्यानं ते तिच्या खांद्यावर ठेवलं आणि पसरायला लागला.

"अजून घ्या."

त्यानं अजून घेतलं.

"अहो, अजून. हात आखडू नका."

मग त्यानं चारी बोटं बुडवून भरपूर घेतलं, आणि ते तिच्या पाठीवर ठेवलं तेव्हा ती गारव्यानं शहारली. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत. बोटांची पाठ वापरली नाही, घट्टे पडलेला, काही न कळणारा तळवाच ठेवला, आणि तो कसाही फिरवत राहिला, ना कडेनं ना मधून. मलम जास्त झालं होतं, मुरेना, त्याच्या मनगटापर्यंत आलं. तिच्या पाठीचे मणके त्याच्या हाताखाली एकेक लागत होते. पूर्वी ते असे लागत नसत.

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

"मलापण," ती म्हणाली. आणि जरा पुढे वाकून, "खाली कमरेपाशी लावा. तिथं फार खाजतं."